चेहरा सोडून बाकी सगळं

कुणाचाही फोटो दाखवा, ती माणसाकडे बघायचीच नाही. दोन बोटांनी फोटो मोठा करायची आणि मागची भिंत, खिडकी, कोपऱ्यातलं कॅलेंडर, असलं काय काय तपासत बसायची. मग म्हणायची, "मागं काय दिसतंय ते बघा आधी, मावशी."

पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मला रागच आला होता. मी तिला नातीचा फोटो दाखवला होता. शाळेचा पहिला दिवस, दोन वेण्या, नवा युनिफॉर्म, बसच्या पायरीवर उभी. कुणीही म्हणेल, किती गोड. हिनं काय मोठं केलं, तर पोरीचा खिसा. "शाळेचं नाव वाचता येतंय. बसचा नंबरही. आणि बसच्या काचेत तुमची बिल्डिंग पडलीय. हा तुमच्या डीपीला आहे ना? काढा."

मी म्हटलं, "अगं, माझा डीपी कोण बघतंय? माझ्याकडे सगळ्या फॉल-पिकोवाल्या बायका."

"त्यांच्या घरातली माणसंही बघतात," ती म्हणाली.

नात शेजारीच होती. ती म्हणाली, "आजी, शी इज राइट." झालं. तेव्हापासून माझ्या डीपीला मोगऱ्याची कुंडी आहे.

मी शारजात अल नहदाला राहते. आमच्या गॅलरीतून पलीकडे दुबई दिसते, तिकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग सकाळी साडेसहाला लागते ती दहापर्यंत हलत नाही. मिस्टर होते तोवर आमचं घर वेगळं होतं, आता मुलाकडे असते. हॉलच्या कोपऱ्यात माझं मशीन. ब्लाऊज, पडदे, पॅन्टची उंची कमी करणं, काय येईल ते शिवते. दारावर पाटी नाही, कारण लायसन्स नाही. मुलगा दर महिन्याला एकदा म्हणतो, "आई, आता हे खलास कर. कुणी तक्रार केली तर माझ्या व्हिसावर येईल." मी म्हणते, इन्शाल्ला करते. आणि दुसऱ्या दिवशी मशीनला तेल घालते. हे सांगायचं कारण, लपूनछपून काम करणं म्हणजे काय, ते मला अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझं लपणं म्हणजे पोरखेळ होता. ते मला नंतर कळलं.

ती आली ती पडद्यांसाठी. साधी पोर, तिशी-बत्तिशीची, डोळ्यांखाली काळं. हातात कापडाचा गठ्ठा, रंग राखाडी. "बिनडिझाइनचे हवेत. कुणाच्याही घरात असतील असे. बाहेरचा उजेड आत यायला नको आणि आतला बाहेर जायला नको." खिडकीचं माप तिनं कागदावर लिहून आणलं होतं. मी म्हटलं, "चुण्यांचं कापड धरलंच नाहीस. असा पडदा शिवला तर दोरीवर टॉवेल टाकल्यासारखा दिसेल. चल, मी येऊन माप घेते."

"नको," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मी बघतच राहिले.

दोनदा पडदे उसवून पुन्हा शिवले. तिसऱ्यांदा मी टेप गळ्यात अडकवून लिफ्टपाशी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मला माझं काम नीट करू दे. मजला सांग."

तिचं घर म्हणजे एक खोली. भिंतीवर खिळासुद्धा नाही. एका भिंतीला पांढरी चादर ताणून लावलेली, तिच्यासमोर तिकाटण्यावर गोल दिवा, जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा. त्या खुणांच्या पलीकडे सरकलं की कॅमेऱ्यात कपाट येतं, म्हणून त्या. कपाटावर केसांचे दोन टोप. मला वाटलं, मेकअपचे व्हिडिओ करत असेल. आमच्या सूनबाईही बघतात तसले. मी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. माप घेतलं, चहा नको म्हटलं, आले.

पुढच्या महिन्यात ती एक पट्टा शिवायला घेऊन आली. दंडावर बांधायचा, सॅटिनचा, चार बोटं रुंद, आतून रबर. बाही वर करून तिनं दंड दाखवला. भाजल्याचा जुना डाग, आकाराला आंब्याच्या कोयीसारखा. "हा झाकला पाहिजे आणि मुद्दाम झाकलाय असं वाटायलाही नको."

मी माप घेत होते. ती माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाली, "मावशी, तुम्हाला कळलंय ना मी काय काम करते?"

"मला शिवणकाम कळतं," मी म्हटलं.

"कॅमेऱ्यासमोर करते. लोक पैसे देऊन बघतात. कपडे घालून करायचं काम नाही ते."

माझ्या हातातला टेप थांबला, खोटं कशाला सांगू. सातवी शिकलेली बाई मी, खेडहून इथं आले तेव्हा परक्या माणसाच्या लिफ्टमध्ये शिरायची नाही. मनात आलं, पोरीला उठवावं, घरात नात आहे. मग तिच्या दंडावरच्या डागाकडे पाहिलं. तिनं हात तसाच पुढे धरून ठेवला होता, डॉक्टरसमोर धरतात तसा. मी माप पुरं घेतलं. नऊ इंच.

का करतेस, हे मात्र तीन वेळा विचारलं. एकदा म्हणाली, आईचं ऑपरेशन. एकदा म्हणाली, ज्या सलूनमध्ये आणलं ते सहा महिन्यांत बंद पडलं आणि नवरा आधीच बंद पडला होता. तिसऱ्यांदा तिनंच मला विचारलं, "तुम्ही शिवण का करता?"

"येतं म्हणून. आणि चार पैसे आपले राहतात म्हणून."

"मग," ती म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही.

तिचं काम सकाळचं. ज्यांच्याकडे तेव्हा रात्र असते ते बघतात. दुपारी दीडच्या सुमारास ती खाली यायची, माझ्या सोफ्यावरचे कपडे बाजूला सारायची आणि मशीनच्या आवाजात गाढ झोपायची. तोंड उघडं, एक हात खाली लोंबतोय. मी म्हणायची, "अगं, वर आयता पलंग आहे तुझा." ती म्हणायची, "तिथं सकाळभर बघतात मला. इथं कुणी बघत नाही." मी पॅडल जरा हळू मारायची.

तिचे नियम हळूहळू कळत गेले. टॅक्सीनं आली की दोन बिल्डिंग अलीकडे उतरायची, उन्हातून चालत यायची. नातूरला, म्हणजे आमच्या वॉचमनला, एक नाव सांगितलेलं, खालच्या बकाल्यात, किराणावाल्याकडे, दुसरं, मला तिसरं. अजान सुरू झाली की काम थांबवायची, माइक बंद. "हा आवाज पलीकडे गेला की देश कळतो," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आणि तसंही बरं वाटत नाही, त्या वेळी." कॅमेऱ्यासमोर हिंदी बोलायची, तीही लखनौकडची ओढूनताणून. मी एकदा म्हटलं, ऐकव की. तर "आदाब" म्हणून अशी काही मान वेळावली की मी हसून हसून बॉबिन उलटी घातली.

हे सगळं तिला एका माणसानं शिकवलं होतं. आधी ती दुबईत अल बर्शाला राहायची, चार जणींत एक खोली, बाकीच्या तिघी सकाळी कामाला जायच्या. खिडकीत फक्त आभाळ दिसायचं म्हणून तिनं पडदा लावला नव्हता. त्या आभाळाच्या कडेला एका टॉवरचं टोक येत होतं. बघणाऱ्यांपैकी एकानं ते टोक ओळखलं, कुठल्या बाजूनं तसं दिसेल ते शोधलं आणि एका संध्याकाळी बिल्डिंगखाली तिचं खोटं नाव हळूच हाक मारल्यासारखं म्हणाला. त्यापुढे काही बोलला नाही, शिवलाही नाही. नुसता रोज यायचा. बारा दिवस.

"पोलिसांत का नाही गेलीस?" मी विचारलं. आपण विचारतोच ना हे.

"काय सांगू, मावशी? तो मला कुठून ओळखतो, हे पहिलं विचारतील. इथं माझं काम गुन्हा आहे. त्याला पकडायला जाईन आणि आत मी बसेन."

बोलताना रडली वगैरे नाही. भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती. तिचं दमणं हे असंच होतं, वर दिसायचं नाही. फक्त दारावर टकटक झाली की तिची पापणी एकदा मिटायची.

आता माझ्या करणीचं सांगते. संक्रांतीला मी दरवर्षी हळदीकुंकू करते. बिल्डिंगमधल्या, आसपासच्या मिळून पंधरा-वीस बायका येतात. आपल्या बायकांचा ग्रुप आहे फोनवर, त्यात निमंत्रण टाकलं की झालं. त्या वर्षी मी हिला म्हटलं, तूही ये. ती म्हणाली, नको, फोटो काढतात. मी म्हटलं, "मी आहे ना. कुणी तुझ्याकडे मोबाइल वळवला तर कात्री आहे माझ्याकडे." चार दिवस तिच्या मागे लागले. मला वाईट वाटायचं हो, सणासुदीला पोर त्या राखाडी पडद्यांच्या आड बसायची त्याचं.

आली. माझीच जांभळी साडी नेसून आली, नीट नेसली होती. मी सगळ्यांना बजावलं, हिचा फोटो नको, हिला आवडत नाही. बायका समजूतदार, कुणी काढला नाही. तिळगूळ झाला, वाण झालं, मग उखाणे सुरू झाले. पाचव्या मजल्यावरची एक, तिचे ब्लाऊज मीच शिवते, हिच्या शेजारीच बसली होती. तिनं हिला कोपरानं ढोसलं, "आता तुम्ही." ही म्हणाली, माझा नवरा नाही. तर सगळ्या म्हणाल्या, कुणाचंही घ्या. आणि मीच पुढे होऊन म्हटलं, "घे गं, लाजतेस काय."

ती उठली आणि म्हणाली,

"शारजाच्या उन्हात बाई, जीव होतो नरम,
एसीराव रुसले की डोकं होतं गरम."

बायका अशा हसल्या की बस. आणि ती स्वतः हसली. तिचं ते हसणं आम्ही कुणी तोवर ऐकलंच नव्हतं. आधी श्वास आत ओढून एक बारीक उचकी, मग मोकळं खळखळतं, आणि शेवटी पुन्हा उचकी. इतकं छान वाटलं मला!

माझ्या हातात फोन होता. मी वाणाच्या ताटाचा व्हिडिओ काढत होते. नुसतं ताट, बांगड्यांचे हात, जमिनीवरच्या साड्यांच्या निऱ्या. चेहरा एकीचाही नाही, मी दोनदा तपासलं. मागं काय दिसतंय तेही तपासलं, तिनंच शिकवल्याप्रमाणे. आणि दिला ग्रुपवर सोडून. खाली लिहिलं, एसीराव झिंदाबाद.

चौथ्या दिवशी ती दुपारी दीडऐवजी सकाळी अकरालाच आली. काम मध्येच सोडून आलेली, डोक्यावर टोप तसाच. फोन पुढे केला. तिच्या त्या कामाच्या साइटवर कुणीतरी लिहिलं होतं, मराठीत. "एसीराव कसे आहेत?" आणि खाली, "फ्लॅट नंबर तूच सांगतेस की मी शोधू? भेटलीस तर कुणाला कळणार नाही."

मला आधी कळेचना. एसीराव याला कसे ठाऊक? मग कळलं आणि मशीनच्या चाकावरचा माझा हात तिथंच राहिला. कुणीतरी बाई घरात बसून माझा व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून हसली असणार आणि पलीकडे जेवता जेवता तिच्या नवऱ्यानं ते हसणं ओळखलं असणार. नाव बदललं होतं, केस, बोली, डाग, सगळं झाकलं होतं तिनं. हसण्याला पट्टा कुठून शिवणार?

"मावशी, तुम्ही व्हिडिओ टाकला होता?" तिनं विचारलं. आवाज चढवून नाही.

"चेहरा नव्हता गं त्यात," मी म्हटलं. माझंच मला ऐकवेना.

ती सोफ्यावर बसली, टोप काढून मांडीवर ठेवला आणि मांजराला कुरवाळावं तशी त्याचे केस सारखे करत राहिली. "खलास," म्हणाली. "तीन-चार दिवस लागतील जागा बघायला."

मी व्हिडिओ काढून टाकला. पण ग्रुपवरचं काढलं तरी ज्यांनी उतरवून घेतलं त्यांच्याकडे राहतंच, हे नातीनं सांगितलं. त्या दोन रात्री मी डोळा मिटला नाही. एवढ्या बायका, म्हणजे तेवढे नवरे. कुणावर संशय घेऊ? सगळे वाकून नमस्कार करणारे.

तिसऱ्या दिवशी पाचव्या मजल्यावर ब्लाऊज द्यायला गेले. दार तिच्या मिस्टरांनी उघडलं. गणपतीला आरतीचं पुस्तक वाटतात, माझी पिशवी वर आणून देतात, असा माणूस. बायको आत पोळ्या करत होती. ते पैसे देता देता सहज म्हणाले, "काकू, तुमच्याकडे ती उखाणा घेणारी कोण हो? आमच्या मिसेसना ओळख करून घ्यायची आहे. कितव्या मजल्यावर असतात त्या?"

मी पैसे घडी घालून कमरेला लावले. मग म्हटलं, "तुमच्या मिसेस तिच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. ओळख झाली की त्यांची."

"हो का? मग... सहज विचारलं."

"त्या व्हिडिओत तर नुसतं ताट आहे. तुम्ही कशावरून ओळखलंत तिला?"

त्यांनी मागं वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत लाटण्याचा आवाज येत होता. मी आवाज खाली आणला. "आता ऐका. तिला एक जरी मेसेज आला, एक जरी, तर मी हाच प्रश्न इथं बसून विचारीन. मिसेस चहा आणतील तेव्हा. पुन्हा विचारीन, कशावरून ओळखलंत?"

आतून बायको म्हणाली, "काकू आल्यात का? बसा ना, चहा टाकते."

"नको गं," मी म्हटलं. "यांचं काम झालं."

मेसेज थांबले. दोन दिवस काही आलं नाही. मी तिच्या खोलीवर गेले, जिंकून आल्यासारखी. सगळं सांगितलं. कोण ते मात्र नाही सांगितलं, ती म्हणाली, नकोच. मी म्हटलं, "आता कुठं जाऊ नकोस. त्याची वाचा बसलीय."

ती पडदे खाली काढत होती, स्टुलावर उभी राहून. खोलीत एवढं ऊन आलं की आम्हाला दोघींना डोळे बारीक करावे लागले. ती म्हणाली, "आज घाबरलाय तो, मावशी. ती भीती तुमची आहे, माझी नाही. उद्या तुम्ही गावी गेलात, नाहीतर त्याचं घरात भांडण झालं, की पुन्हा त्याला आठवेन मी. मला त्याच्या भीतीवर झोपता येणार नाही."

"अबुधाबीला, खलिफा सिटीत, माझी भाची आहे. एक खोली रिकामी आहे तिच्याकडे."

"नका सांगू. तिथं गेले तर तुम्हाला ठाऊक असेल मी कुठं आहे."

हे लागलं मला. लागायला हवंच होतं. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं गं सगळं."

ती खाली उतरली. पडद्याची एक बाजू माझ्या हातात दिली, एक तिनं धरली, आणि चादर घडी करतात तशा आम्ही मागे-पुढे होत घड्या घातल्या. "मी स्वतःच्या पायांनी आले होते ना," ती म्हणाली. "तुम्ही काय ओढत नेलं नाहीत. एक दिवस मला बायकांत बसायचं होतं. बसले." मग माझा फोन मागितला. तिचा नंबर, आमचं बोलणं, पडद्यांच्या मापाचा फोटो, सगळं एकेक करून काढलं. परत देताना म्हणाली, "आता तुम्हाला कुणी कितीही विचारलं तरी सांगता येणार नाही. हे तुमच्यासाठीही बरं."

दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी सवयीनं सोफ्यावरचे कपडे बाजूला सारले. अडीच झाले. वर गेले तर दार उघडं होतं आणि नातूर जमिनीवरची चिकटपट्टी खरवडत होता.

याला आता बरेच महिने झाले. ती कुठं आहे, आहे तशी आहे की काम सोडलं, मला ठाऊक नाही. विचारायला जागाच ठेवली नाही तिनं. तुम्ही म्हणाल, पुन्हा पडदे कोण शिवून देत असेल तिला, हा काय विचार झाला? पण मला तोच येतो. चुण्यांचं कापड ती धरणार नाही, मला माहीत आहे.

परवा पाचव्या मजल्यावरची आली होती, नव्या साडीचं ब्लाऊज घेऊन. पुतण्याचं लग्न आहे. मी तिला उभं करून जुनं ब्लाऊज अंगावरच सारखं करत होते. ती आरशात बघत म्हणाली, "काकू, ती उखाणा घेणारी मुलगी पुन्हा दिसली नाही हो कधी. किती गोड होती. मी आमच्या ह्यांनाही विचारलं, तुम्हाला दिसते का लिफ्टमध्ये? तर म्हणाले, कोण मुलगी? मी असल्या कुणाला ओळखतच नाही. बघा, एका बिल्डिंगमध्ये राहून माणसं एकमेकांना ओळखत नाहीत."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. एकेक काढून मी तिच्या पाठीवर लावत राहिले.